घास मोजणं थांबवू या

मंडळी, आपल्या इंदूरच्या मराठी घरांत एखादं मूल नीट जेवत नसेल, तर ती बातमी सकाळी रामबागेतून निघते आणि संध्याकाळपर्यंत राजेंद्र नगरात पोहोचते. सोबत निकालही लागलेला असतो. "लाडावून ठेवलंय." "आईला वेळ कुठाय!" "आमच्या वेळी असले नखरे नव्हते, पानात पडेल ते खायचो." हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि शिक्षा दोघांना होते, मुलाला आणि त्याच्या आईला. म्हणून आज जरा लांबलचक लिहितेय.

आधी सरळ गोष्ट. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वजनाच्या साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या अख्ख्या वर्षात मात्र ते दोन-अडीच किलोच वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते, आणि नेमकं तेव्हाच आपण वाटी मोठी करतो. शिवाय दोन ते सहा वर्षांच्या वयात नव्या चवीची, नव्या रंगाची भीती वाटणं अगदी नेहमीचं आहे. काल मिटक्या मारत भोपळा खाणारं पोर आज त्याकडे बघून तोंड फिरवतं. हे बहुतेक मुलांचं वयाबरोबर ओसरतं.

पण काही मुलांची गोष्ट इथे संपत नाही. माझ्या लेकीचा मुलगा त्यांतला. दोन वर्षांचा झाला तेव्हा तो मोजून पाच गोष्टी घ्यायचा : दूध, मारी बिस्किट, भाजलेला पापड, कुरमुरे आणि फिकी सेंव. (आम्ही इंदूरकर शेवेला सेंवच म्हणणार, पुण्याच्या पाहुण्यांनी हसू नये.) वरण-भाताचा घास ओठांना लागला की ओकारी. उष्टावणाच्या खिरीपासून तेच. लग्नकार्यात, हळदीकुंकवात प्रत्येक बाई लेकीला एक उपाय सांगून जायची आणि घरी येऊन ती रडायची. "मराठी घरातलं पोर वरण-भात खात नाही?" हे वाक्य तर मी इतक्यांदा ऐकलंय की जणू त्या भातावर आमचं मराठीपणच अडलं होतं.

शेवटी बालरोगतज्ज्ञांनी स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. मला नवल वाटलं, कारण पोरगं बोलत तर छान होतं. तेव्हा कळलं की ही मंडळी चावणं-गिळणंही बघतात. त्या बाईंनी पाचही जिन्नस टेबलावर मांडले आणि म्हणाल्या, "दूध सोडून बघा, काय दिसतं?" सगळं कोरडं, करकरीत, फिकट रंगाचं. शिवाय दर वेळी अगदी तसंच लागणारं. मऊ, ओलं, गुठळीचं काहीच नाही. खाणं ही शिकायची गोष्ट आहे, जिभेने घास दाढेखाली सरकवायचा, चावायचा, गोळा करायचा, गिळायचा. ज्याला ते जमत नाही किंवा ज्याच्या तोंडाला ओला स्पर्शच सोसत नाही, त्याला "नखरेल" म्हणून काय होणार?

इथे आपल्या एका सवयीबद्दल बोललंच पाहिजे. गुरगुट्या भात मिक्सरमधून काढून मूल दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत भरवत राहायचं, ठसका लागेल म्हणून. ब्रिटनमध्ये एव्हन भागातल्या हजारो मुलांचा अभ्यास झाला, त्यात गुठळीचं, चावायचं अन्न नऊ-दहा महिन्यांनंतर सुरू झालेल्या मुलांत पुढे खाण्याच्या अडचणी जास्त दिसल्या. आमच्या नातवाचं कारण वेगळं होतं, पण मिक्सर जरा लवकर कपाटात जावा हे माझं मत झालंय.

मग बाईंनी साखळी शिकवली. जे मूल खातं तिथूनच सुरुवात, आणि एका वेळी एकच बदल. पापडावरून खाकरा. खाकऱ्यावरून तव्यावर कडक केलेला पोळीचा पापुद्रा. मग पापुद्रा रोज थोडा कमी कडक. मग एका टोकाला मऊ, बाकी कडक. असं करत तूप लावलेली मऊ पोळी यायला सात महिने लागले. सात! मधे दोनदा गाडी मागे गेली, एकदा तापामुळे आणि एकदा दिवाळीच्या पाहुण्यांमुळे. एखादा नवा पदार्थ मुलाने स्वीकारायला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर यावा लागतो, आणि घरोघरी तिसऱ्या-चौथ्या वेळीच "याला आवडत नाही" म्हणून शिक्का बसतो. अशा मुलांना तर त्याहून जास्त वेळा लागतं. आणि "समोर येणं" म्हणजे गिळणं नव्हे. बघितलं, बोट लावलं, वास घेतला, चाटून थुंकलं, हे सगळं मोजायचं. थुंकायला एक वाटी शेजारीच ठेवायची. हिवाळ्यात मटार सोलायला बसवलं की पोरं दाणे हाताळतात, फोडतात, एखादा जिभेलाही लावतात, कुणी आग्रह केला नाही तर.

आपल्या ताटाची मांडणी या कामाला फार सोयीची आहे, हे मला या वयात उमगलं. डावीकडे चटणी-कोशिंबीर चिमूटभर, उजवीकडे भाजी, प्रत्येकाची जागा वेगळी. नवा पदार्थ डावीकडे, मटाराच्या दाण्याएवढा. बाकी ताटात ओळखीचं. उलट आपले लाडके पोहे बघा. मऊ पोहे, वर कुरकुरीत सेंव, कच्चा कांदा, डाळिंबाचे दाणे, शेंगदाणे, जिरावण. एका घासात पाच तऱ्हा! आपल्याला मजा, पण अडखळणाऱ्या मुलाच्या तोंडात गोंधळ. त्याला पोहे वेगळे, सेंव वेगळी द्या. आणि अख्खे शेंगदाणे पाच वर्षांच्या आतल्या मुलाला देऊच नका, श्वासनलिकेत अडकतात. ओकारी आली तर आवाज होतो आणि मूल सावरतं. खरं अडकलं की आवाजच फुटत नाही, तेव्हा धावायचं असतं.

एका गोष्टीला माझा ठाम विरोध आहे : लपवाछपवी. विश्वासाच्या पोळीत गुपचूप पालक कोंबायचा. सहा महिने खपून आणलेली पोळी एका दिवसात जाते, कारण मूल पालक ओळखत नाही, पोळीवरचा भरवसा सोडतं. तेच मोबाईलचं. चिऊ-काऊचे घास भरवताना निदान मूल आपल्याकडे, घासाकडे बघत होतं. स्क्रीनवर डोळे आणि आपोआप उघडणारं तोंड, यात ते खायला शिकत नाही.

मग मोठ्यांनी करायचं काय? अमेरिकेच्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी वाटणी सांगितली आहे : काय, कधी आणि कुठे वाढायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं आणि खायचं की नाही ते मुलाने. ऐकून आजी-आजोबांना घाम फुटतो, मला माहीत आहे. पण जबरदस्ती केली की मूल कमी खातं आणि तो पदार्थ नावडता होतो, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. वाटणीत आपलं काम कमी नाही. जेवणाच्या वेळा ठरलेल्या हव्यात, मधेमधे बिस्किटं नकोत, आणि "निदान दूध तरी प्यायला" म्हणून दिवसभर बाटली तर नकोच. वर्षानंतर दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध गेलं की भूक मरते आणि अंगात लोह कमी पडतं. बसायलाही नीट हवं. खुर्चीत पाय लोंबकळत असतील तर मुलाचं अर्धं लक्ष तोल सांभाळण्यात जातं. पायाखाली पाट सरकवा, किंवा सरळ आपल्या पंक्तीत जमिनीवर बसवा.

हे सगळं घरचं झालं. पण वजन वाढत नसेल किंवा उतरत असेल, पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल, आवाज ओला होत असेल, मोजक्या पदार्थांतूनही एकेक गळत चालला असेल, नुसतं अन्न बघून ओकारी येत असेल, तर "मोठा झाला की खाईल" म्हणत बसू नका. डॉक्टरांकडे जा. खासगीत परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ नंतर जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं उभी राहिली आहेत, तिथे मोफत तपासणी असते. सरकारी दवाखान्यात किंवा आशाताईंना विचारा. आणि सुनेला, लेकीला बरोबर कुणीतरी जा, तिला एकटीला पाठवू नका.

आमचा पठ्ठ्या आता साडेतीन वर्षांचा आहे. सतरा पदार्थ झालेत, लेक भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडते. वरण-भात त्यांत अजूनही नाही, आणि घरात आता कुणी विचारतही नाही. पोळीवरून थालीपिठाची कडा जमली, पण भाजीची साखळी कुठून सुरू करावी ते सुचत नाहीये. दुधी कुरकुरीत करून बघितला, दोनदा चाटून ठेवला. ग्वाल्हेर, बडोदा, बेळगावच्या कुणा आईला, आजीला अशी भाजीची साखळी जमली असेल तर कुठून सुरुवात केली ते जरूर लिहा.