चार चाकांना जोर, पण उताराचे काय?

क्लच न दाबता चालणारी आणि चारही चाकांना जोर पुरवणारी छोटी गाडी आता आपल्या बाजारात सहज दिसू लागली आहे. २०२०ची नवी महिंद्रा ‘थार’, २०२३ची मारुती सुझुकी ‘जिम्नी’ आणि २०२५ पासून ‘ग्रँड विटारा’ या तिन्हींत ही सोय मिळते. ‘जिम्नी’ला चार गिअर आहेत, बाकी दोघींना सहा. तत्त्व मात्र तिघींचे एकच : टॉर्क कन्व्हर्टर.

ही निवड सहज झालेली नाही. शहरातल्या स्वस्त ऑटोमॅटिक गाड्यांत बहुधा ‘एएमटी’ असते. तिचा गिअरबॉक्स नेहमीचाच. पायाऐवजी यंत्र क्लच दाबते, एवढाच फरक. चिखलाच्या चढावर गाडी हळूहळू रेटायची तर हा क्लच घासत राहतो आणि तापतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेल जोडते. इंजिनाकडचा पंखा तेल ढकलतो, त्या जोराने समोरचा पंखा फिरतो. गाडी जागची हलत असताना हा जोर साधारण दुपटीपर्यंत वाढतो. म्हणूनच चढावर असा गिअरबॉक्स भरवशाचा ठरतो. मायलेजही फार घटत नाही. ‘जिम्नी’चे प्रमाणित मायलेज मॅन्युअलमध्ये लिटरला १६.९४ किलोमीटर, तर ऑटोमॅटिकमध्ये १६.३९ आहे.

खरी परीक्षा उतारावर होते. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना लागतात. त्यामुळे ‘फोर व्हील ड्राइव्ह’ आहे म्हणून गाडी लवकर थांबत नाही. त्यातच ‘डी’वर ठेवलेली ऑटोमॅटिक गाडी अॅक्सिलरेटर सोडला की अनेकदा वरचा गिअर घेते आणि इंजिनाचा अटकाव कमी होतो. मग सगळा भार ब्रेकवर येतो. लांब घाटात ब्रेक तापतात, त्यांची पकड कमी होते. ब्रेक ऑइल उकळले तर पेडल खोल जाते आणि गाडी आवरत नाही.

ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुन्या चालकांचा नियम ऑटोमॅटिकलाही लागू आहे. ‘जिम्नी’त त्यासाठी ‘२’ आणि ‘एल’ आहेत, इतर गाड्यांत हाताने गिअर बदलण्याची सोय. मात्र शहरात ‘डी’वरच गाडी चालवणाऱ्यांचा हात तिकडे क्वचितच जातो. मनालीला किंवा महाबळेश्वरला निघण्यापूर्वी ती सोय एकदा वापरून पाहावी. उतारावर न्यूट्रल तर कधीच नको. गिअर बदलण्याचे काम यंत्राने घेतले असले, तरी पुढचा उतार ओळखण्याचे काम अजून चालकाचेच आहे.