खाण बुजली, पाण्याचे काय?

विठ्ठलवाडीच्या घराघरांत संध्याकाळी दिवे लागतात, त्यात चंद्रपूरच्या कोळशाचाही वाटा असतो. चंद्रपूरपासून भिवंडी तालुक्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, ५०० किलोव्होल्ट दाबाची एक वाहिनी आहे. १९९९ साली ती सुरू झाली आणि विदर्भातली वीज थेट आपल्या उंबरठ्याशी आली. कोळसा आणि वीज यांचे नाते या भागाला तसे जुनेच. विठ्ठलवाडीहून दोन स्टेशने पलीकडे, ठाकुर्लीला, रेल्वेचे चोळा पॉवर हाऊस होते. कोळसा तेथे लोकांच्या डोळ्यांदेखत जळत असे. ते बंद पडले, धूर दूर गेला आणि कोळसा जिथून निघतो ती जमीन तर आपल्या विचारांतूनही गेली.

त्या जमिनीचा विचार करायला हवा, कारण कोळसा संपल्यानंतरच तिची खरी परीक्षा सुरू होते. खड्डा बुजवता येतो, वर झाडेही लावता येतात. पण खाली पाणी कोणत्या वाटेने जाईल, हे कोणी हुकूम काढून ठरवू शकत नाही.

चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या वर्धा खोऱ्यात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती, मुंगोली, निलजई अशा खुल्या खाणी आहेत. खुल्या खाणीत कोळशावरची माती आणि खडक आधी पूर्ण उचलावे लागतात. यालाच खाणीच्या भाषेत ‘ओव्हरबर्डन’ म्हणतात. एक टन कोळशासाठी असा कित्येक घनमीटर माल हलवावा लागतो. सुरुवातीला तो खाणीबाहेर टाकला जातो आणि त्याचे डोंगर उभे राहतात. पुढे कोळसा निघून गेलेल्या भागात तो परत ओतला जातो. पहिला माल बाहेरच राहिल्यामुळे शेवटी बहुधा एक मोठा खड्डा उरतो आणि त्याचे तळे होते.

भरावाचा स्वभाव

कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला भराव म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. खाडीकाठची सखल जमीन डेब्रिज टाकून उंच केली, की पहिल्या काही पावसाळ्यांत ती बसते, अंगणातल्या फरश्या कलतात आणि पूर्वी तिथून वाहणारे पाणी शेजारच्या चाळीत शिरते. खाणीतला भराव हेच करतो, फक्त त्याची खोली कित्येक मजली इमारतीएवढी असते.

मूळ जमिनीत थरांची शिस्त असते. या भागात कोळशाच्या थरांवर ठिकठिकाणी कामठी वालुकाश्म आहे. हा खडक पाणी धरून ठेवतो आणि आसपासच्या विहिरींना पुरवतो. मधले चिकणमातीचे आणि शेलचे थर पाणी अडवतात. खाणकामात ही सगळी रचना मोडते. भराव ओतताना मोठे दगड घरंगळत तळाशी जातात आणि बारीक माल वर राहतो. वरचा भाग डंपरच्या चाकांखाली दाबला जातो. परिणामी पावसाचे काही पाणी वरूनच वाहून जाते, काही भेगांतून झपाट्याने तळाशी पोचते, तर काही चिकणमातीत अडकून वर्षानुवर्षे हळूहळू झिरपते. शिवाय शेलसारखे खडक भिजले की ठिसूळ होऊन फुटतात आणि मोकळ्या वाटा गाळाने बुजवतात. म्हणजे भरावाचा स्वभाव दरवर्षी बदलतो.

वाळूतून पाणी किती वेगाने जाते याचा नियम हेन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ साली मांडला. आजही भूजलाचे गणित त्यावरच चालते. मात्र ते एकसारख्या वाळूला जसे चपखल बसते, तसे दगडमातीच्या या खिचडीला बसत नाही. इथे पन्नास पावलांवरच्या दोन बोअरमध्ये पाण्याची पातळी निराळी निघू शकते. म्हणून अभ्यासकांना वेगवेगळ्या खोलीवर पातळी मोजणाऱ्या निरीक्षण विहिरी लागतात. कुठे पंप चालवून पाणी किती वेगाने परत भरते ते पाहावे लागते, तर कुठे निरुपद्रवी रंग सोडून तो कोठे आणि किती दिवसांनी उगवतो याची वाट पाहावी लागते. हे काम वर्षांचे आहे, एका उन्हाळ्याचे नव्हे.

पंप बंद झाल्यावर

खाण चालू असताना पंप अहोरात्र पाणी उपसतात आणि आसपासच्या विहिरींची पातळी खाली जाते. शेतकऱ्याची पहिली तक्रार तीच असते. खाण संपली, पंप थांबले, की पाणी परत चढू लागते. ऐकायला हे बरे वाटते. पण कोरडा भराव पहिल्यांदा भिजला की त्यातले दगड सरकतात आणि जमीन खचते. इंग्लंडमध्ये नॉर्थम्बरलँडमधील हॉर्सले येथील बुजवलेल्या कोळसा खाणीत १९७०च्या दशकात हे प्रत्यक्ष मोजले गेले. त्याहून भीषण धडा जर्मनीतील नाख्टरश्टेट गावाने दिला. तेथे लिग्नाइटच्या जुन्या खाणीत तळे भरत असताना १८ जुलै २००९ रोजी काठावरचा जुना भराव घरांसह पाण्यात घसरला. तीन माणसे गेली. खाण बंद होऊन तेव्हा बरीच वर्षे लोटली होती.

पाण्याच्या गुणाचाही प्रश्न आहे. विदर्भाच्या कोळशात गंधकाचे प्रमाण सहसा कमी असते. त्यामुळे मेघालयासारखे आम्लयुक्त, तांबूस पाणी येथे सरसकट आढळत नाही, ही जमेची बाजू. तरीही नव्याने फुटलेल्या खडकाला पाणी लागले, की त्यातले क्षार विरघळून पाणी जड होते. ते कोणत्या विहिरीला जाऊन मिळते, हे मोजल्याशिवाय कळत नाही. बाहेरच्या ढिगाऱ्यांची माती पावसाबरोबर वाहून इरई नदीचे पात्र उथळ करते, अशी चंद्रपूरच्या पर्यावरण कार्यकर्त्यांची जुनी तक्रार आहे.

खाणींचा विसर किती महाग पडतो हे घुग्घुसने पाहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील अमराई वॉर्डात एक घर जमिनीत गडप झाले. त्या वस्तीखाली जुनी भूमिगत खाण होती. भूमिगत खाण आणि बुजवलेली खुली खाण यांचे शास्त्र वेगळे आहे. धडा मात्र एकच, की पोटात काय आहे याची नोंद आणि आठवण गावाजवळ असली पाहिजे.

हिशेब कोणाचा?

कोळसा मंत्रालयाने ऑगस्ट २००९ मध्ये खाणी बंद करण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. खुल्या खाणीसाठी तेव्हा हेक्टरी सहा लाख रुपये एस्क्रो खात्यात ठेवण्याचे बंधन आले. पुढे हा दर वाढला. पाऊल योग्य आहे. पण समतल केलेली जमीन आणि लावलेली झाडे मोजणे सोपे असते, पाणी मोजणे कठीण. त्यामुळे कामाचा ताळेबंद पहिल्या दोघांवर मिटवण्याचा मोह होतो. खाणीचे पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीत भरण्याचा वेस्टर्न कोलफील्ड्सचा उपक्रम कौतुकाचा आहे. त्याने उपसलेल्या पाण्याचा उपयोग झाला. मागे राहिलेल्या पाण्याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

मागण्या साध्या आहेत. खाण सुरू होण्यापूर्वीच्या विहिरींच्या पातळ्या नोंदल्या जाव्यात. भरावात वेगवेगळ्या खोलीवर निरीक्षण विहिरी असाव्यात आणि त्यांचे आकडे दर हंगामात ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. पाणी स्थिरावेपर्यंत भरावावर वस्ती, शाळा, रस्ता उभारू नये आणि तोवर ठेवीतला शेवटचा हिस्सा कंपनीला परत मिळू नये.

यात खर्च आहे, आणि तो शेवटी विजेच्या बिलातूनच यायचा. आपण तो नाकारला म्हणून तो टळत नाही. मग तो सास्ती-मुंगोलीच्या शेतकऱ्याच्या विहिरीतून आणि घराच्या भिंतीतून वसूल होतो. पडघ्यापर्यंत वीज पोचवणाऱ्या तारा तिकडचे पाणी दाखवत नाहीत. ते मोजून, लिहून सर्वांसमोर ठेवावे लागेल.