काडेपेटीतला फॉस्फरस आणि आजोळचे कपाट

मागच्या रविवारी पासिर रिसच्या किनाऱ्यावर बार्बेक्यूचे कोळसे पेटवत असता आम्ही एका शाळकरी मुलीला विचारले, "यात फॉस्फरस कुठे आहे?" तिने काडीच्या गुलाकडे बोट दाखवले. तिच्या वडिलांनीही मान डोलावली. दोघेही चुकले. गुलात पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक असते. फॉस्फरस असतो तो पेटीच्या बाजूच्या तपकिरी पट्टीत, काचेच्या भुकटीबरोबर. आणि तो तांबडा असतो.

एकाच मूलद्रव्याची अशी निराळी रूपे असतात, त्यांना मराठीत अपरूपे म्हणतात. आमची मुले परीक्षेपुरता इंग्रजी शब्द पाठ करतात, घरी मात्र त्यावर कुणी बोलत नाही. अणू तेच, बांधणी वेगळी. पांढऱ्या फॉस्फरसात चार-चार अणू ताणून एकत्र बांधलेले असतात. तो पाण्याखाली ठेवावा लागतो, कारण हवेत तिशी-पस्तिशीच्या तापमानाला तो आपोआप पेटतो. आपल्या बेटावरची दुपारच म्हणा ना! शिवाय तो जहाल विष आहे. हवा न लागू देता त्याला तापवत ठेवले की अणूंच्या साखळ्या जुळून तांबडा फॉस्फरस तयार होतो. त्याला पेटायला अडीचशे अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि तो विषारी नसतो. काळा फॉस्फरस ब्रिजमन यांनी 1914 साली प्रचंड दाबाखाली बनवला. तो ग्रॅफाइटसारखा थरांचा असतो.

पूर्वी काड्यांच्या गुलात पांढराच फॉस्फरस असे. त्याच्या वाफेने कारखान्यातल्या कामगारांचे जबडे सडत. 1906 च्या बर्न कराराने अशा काड्यांवर बंदी आणली, हिंदुस्थानात 1913 साली तसा कायदा झाला. अंबरनाथचा विम्कोचा काड्यांचा मोठा कारखाना त्यानंतरचा.

काडीतून गेलेला हा पांढरा फॉस्फरस घरातून मात्र गेलेला नाही. उंदीर मारण्याच्या मलमांपैकी काहींत पिवळा फॉस्फरस असतो, म्हणजे पांढराच, थोडा अशुद्ध. भारतात अशा मलमांच्या ट्यूबा दुकानांत मिळत आल्या आहेत. पावाच्या तुकड्याला लावून ते कोपऱ्यात ठेवतात आणि उरलेली ट्यूब कपाटात जाते. डिसेंबरच्या सुट्टीत आपली मुले आजोळी जातात ती त्याच घरांत, आणि पाव कुणासाठी ठेवला आहे हे लहान मुलाला कसे कळावे?

या विषावर नेमका उतारा नाही. त्याची लबाडी अशी की आधी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस मूल बरे दिसते, आणि नंतर यकृत निकामी होऊ लागते. म्हणून जाण्याआधी आजी-आजोबांना फोन करून अशी ट्यूब घरात नको, असे स्पष्ट सांगावे. मुलाच्या तोंडात ते गेल्याची नुसती शंका आली तरी, मूल हसत-खेळत असले तरी, त्याच तासाला इस्पितळ गाठावे आणि ट्यूब बरोबर न्यावी.