सागाच्या पानांचं बिल
घाटंजी, झरी जामणीकडं वायरलेस इंटरनेटचा धंदा टाकू पाहणाऱ्या पोराला सगळे आधी लायसन्सचा धाक घालतात. खरं तर तो भाग स्वस्तातला. युनिफाइड लायसन्सच्या पद्धतीत साधारण जिल्ह्याएवढ्या क्षेत्राच्या ‘सी’ श्रेणीची प्रवेश फी २० हजार रुपये होती, आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा ऑक्टोबर २०१८ पासून परवानामुक्त आहे. पैसा जातो तो टॉवर, बॅटऱ्या, अर्थिंग आणि दरमहा बँडविड्थच्या बिलात. (अर्थिंगमध्ये वाचवलेले पैसे पहिली वीज पडली की व्याजासकट निघतात.) त्यात आमच्याकडची खास गोम म्हणजे साग. एप्रिलमध्ये पानगळ झालेली, डिशला डिश दिसते, लिंक झकास चालते. जुलैत सुपाएवढी पानं फुटून ओली झाली की तीच सिग्नल गिळतात. मग टॉवर आणखी उंच करा, नाहीतर मध्ये एक रिले उभा करा. म्हणजे पुन्हा जागाभाडं, पुन्हा बॅटरी. कर्जाचा अर्ज करायच्या आधी जागेची पाहणी भर पावसाळ्यात करावी, हे माझं ठाम मत. आणि गिऱ्हाईक? कापसाचा चुकारा हाती येईस्तोवर ते रिचार्ज लांबवणारच. तेवढे महिने बँडविड्थचं बिल पदरमोड करून भरायची तयारी हवी.