फाइली घरच्या, कुलूप कोणाचे?

हडपसरच्या ससाणेनगरातून एका मैत्रिणीचे पत्र आले आहे. पत्र चांगले चार पानी आहे, त्यातला कामापुरता भाग देते.

"ताई, दिवाळीत मुलाने नवा लॅपटॉप पाठवला. जुन्या संगणकातलं विंडोज टेन आता बंद झालंय, त्यावर बँकेचं काम करू नकोस, म्हणाला. गाडीतळाकडच्या एका दुकानदाराने जुन्यातली हार्ड डिस्क काढून एका डबीत घालून दिली. वायर लावली की पेन ड्राइव्हसारखी दिसते. पण ह्यांच्या नावाचं फोल्डर उघडायला गेलं की 'तुम्हाला परवानगी नाही' असं येतं. हे जाऊन अडीच वर्षं झाली. सोसायटीचे कागद, विमा, मुलीच्या बारशापासूनचे फोटो, सगळं त्यातच आहे. दुकानदार म्हणतो डेटा खराब झालाय, डिस्क फॉरमॅट करून देतो. देऊ का?"

नका देऊ! फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. कपाट उघडत नाही म्हणून आपण त्याला काडी लावत नाही.

आता मुलाचे म्हणणे खरे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज टेनचा नेहमीचा मोफत आधार थांबवला, आणि तेव्हापासून घरोघरी हा सामान हलवण्याचा कार्यक्रम चालू आहे. आपल्या मैत्रिणीच्या गॅलरीतून मगरपट्ट्याच्या सायबरसिटीचे काचेचे मनोरे दिसतात, असे तिनेच लिहिले आहे. हजारो मुले तिथे संगणकावर बसलेली, आणि हिला विचारायला एक माणूस मिळेना! स्वतःचा मुलगा आयटीतलाच, पण तो बंगळुरात. असो. मुलांना फोनवर समजावता येत नाही आणि आपल्याला फोनवर समजत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी, दुकानदार म्हणतो तशी डिस्क खरोखर बिघडली आहे का, हे घरीच बघता येते. 'धिस पीसी' उघडले की त्या डिस्कच्या नावाखाली एक पट्टी दिसते. किती जागा भरली आहे ते तिच्यावर कळते. पट्टी बरीच भरलेली असेल आणि आतली इतर फोल्डरे उघडत असतील, तर डिस्क धडधाकट आहे. एकाच फोल्डरवर परवानगीची पाटी येणे हा बिघाड नव्हे. त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शून्य बाइट्स' दिसले तरी छातीत धस्स होऊ देऊ नका. आत डोकावायची परवानगी नसली की संगणकाला मोजदादही करता येत नाही, म्हणून तो शून्य सांगतो. मात्र डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येत असेल तर लगेच वायर काढा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडेच जा. तो रोग निराळा.

मग हे परवानगीचे काय लचांड आहे? तुम्हा-आम्हाला मालकी आणि वहिवाट यातला फरक चांगला ठाऊक असतो. जमीन एकाच्या नावावर, कसतो दुसराच. संगणकातही प्रत्येक फोल्डरला एक मालक असतो, आणि वहिवाट कोणाकोणाची याची एक यादी असते. ही पद्धत मूळची कचेरीतली. १९९३ साली विंडोज एनटी आले तेव्हा एकाच यंत्रावर दहाजण काम करत असले तरी एकाचे कागद दुसऱ्याने पाहू नयेत, म्हणून ती बसवली. २००१ मध्ये एक्सपीबरोबर ती आपल्या दिवाणखान्यात आली. घरात एकच संगणक, तो नवऱ्याने विकत घेतला, त्यानेच सुरू केला, म्हणून फोल्डरांवर मालक म्हणून त्याचेच नाव लागले. त्या वेळी हे कोणी मुद्दाम केले नाही आणि कोणाच्या लक्षातही आले नाही.

हडपसरच्या मैत्रिणींना हे समजायला लांब जायला नको. मगरपट्ट्याची सुमारे ४०० एकर जमीन सुमारे १२० शेतकरी कुटुंबांची होती. त्यांनी ती एकत्र करून कंपनी काढली आणि तिथे नगर उभे केले. जमीन तिथल्या तिथे राहिली, कागदावरचे नाव बदलले. तुमच्या डिस्कचे नेमके उलटे झाले आहे. नाव तेच राहिले, पण जमीन उचलून दुसऱ्या गावी नेली. त्या गावच्या तलाठ्याच्या दप्तरात हे नाव कुठून असणार? बरं, संगणक माणसाला नावाने ओळखतही नाही. प्रत्येक खात्याला तो एक लांबलचक आकडा देतो, आणि प्रत्येक यंत्रावर तो आकडा वेगळा पडतो. म्हणून नव्या लॅपटॉपवर 'ह्यांच्याच' नावाचे खाते उघडले तरी कुलूप निघत नाही.

निघते कसे ते सांगते. एखाद्या दुपारी, जेवणे-खाणे आटोपल्यावर, सवडीने करण्याचे काम आहे. लॅपटॉपला चार्जर लावून ठेवा, म्हणजे मध्येच मान टाकायला नको.

सर्वांत आधी त्या फोल्डरवर दोनदा टिचकी मारा. परवानगी नाही असे सांगणाऱ्या चौकटीतच 'कंटिन्यू' असे बटण असते. ते दाबा आणि वाट पाहा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. संगणक तुमचे नाव वहिवाटीच्या यादीत घालून मोकळा होतो. फाइली खूप असतील तर हिरवी पट्टी सावकाश सरकत राहील, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या तशी धीराने बघायची. यासाठी तुमचे खाते 'ॲडमिनिस्ट्रेटर' दर्जाचे हवे. नव्या लॅपटॉपवर पहिले खाते ज्याचे उघडले जाते त्याला तो दर्जा आपोआप मिळतो. ते खाते मुलाने स्वतःच्या नावाने उघडून दिले असेल, तर त्याचा पासवर्ड आधी मागून घ्या.

'कंटिन्यू'ने भागले नाही तर मात्र मालकीलाच हात घालावा लागतो. फोल्डरवर उजवी टिचकी मारून 'प्रॉपर्टीज', त्यात 'सिक्युरिटी', त्यात 'ॲडव्हान्स्ड' असे जा. वरच 'ओनर' म्हणजे मालक लिहिलेला असतो. तिथे एस-१-५-२१ असा सुरू होणारा भलामोठा आकडा दिसेल, किंवा मालकाचे नाव दाखवता येत नाही असे लिहिलेले असेल. आकड्याला भिऊ नका, तोच तुमचा जुना संगणक. शेजारच्या 'चेंज'वर टिचकी मारा, रिकाम्या चौकटीत आपल्या खात्याचे नाव लिहा आणि 'चेक नेम्स' दाबा. नाव अधोरेखित झाले की संगणकाने ओळखले म्हणून समजा. आपले नाव नेमके काय आहे हेच आठवत नसेल, तर ज्या ईमेलने लॅपटॉप सुरू होतो तो ईमेल लिहून बघा. ओके केलेत की मालकाच्या नावाखाली एक नवी ओळ उगवते : 'रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स'. तिच्यापुढे खूण करायला विसरू नका! ही खूण राहिली तर दिवाणखाना तुमचा होतो आणि आतल्या खोल्या जुन्याच मालकाच्या राहतात. मग बायका म्हणतात, "सगळं केलं तरी होत नाही."

आता अप्लाय, ओके, आणि सगळ्या चौकटी बंद. हे 'बंद' महत्त्वाचे आहे, कारण नवी मालकी चौकट पुन्हा उघडल्यावरच दिसते.

मालकी आली, वहिवाट अजून यायची आहे. पुन्हा त्याच वाटेने 'ॲडव्हान्स्ड'पर्यंत जा. 'ॲड' दाबा, 'सिलेक्ट अ प्रिन्सिपल' मधून आपले नाव द्या आणि 'फुल कंट्रोल'वर खूण करा. तळाशी आणखी एक लांबलचक वाक्य असते, 'रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एंट्रीज' असे सुरू होणारे. त्यावरही खूण करून ओके. आतल्या प्रत्येक फाइलीला नवी यादी चिकटवायची असल्याने याला वेळ लागतो. एखाद-दुसऱ्या फाइलीवर संगणक अडला तर 'कंटिन्यू' म्हणून पुढे जाऊ द्या.

एक ताकीद. हे सारे आपल्या कागदांच्या आणि फोटोंच्या फोल्डरवरच करायचे. हात साफ झाला म्हणून अख्ख्या सी ड्राइव्हवर किंवा 'विंडोज' नावाच्या फोल्डरवर प्रयोग करू नका. तिथला मालक 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' नावाचा संगणकाचा स्वतःचा कारभारी आहे. त्याला हलवले तर घर आपलेच बसते.

आणि ते 'रीड-ओन्ली'! प्रॉपर्टीजच्या पहिल्याच पानावर या शब्दापुढे एक निळा चौकोन दिसतो. तो काढला की कुलूप निघेल असे वाटून किती जणी दुपारच्या दुपार घालवतात! काढला की तो पुन्हा येतो. फोल्डरच्या बाबतीत त्या चौकोनाचा परवानगीशी काही संबंध नाही. त्याच्याकडे ढुंकूनही पाहू नका.

ज्यांचा जुना संगणक अजून चालू आहे आणि पासवर्ड ठाऊक आहे, त्यांना एवढा उपद्व्याप नको. तिथेच खाते उघडून फाइली पेन ड्राइव्हवर कॉपी करा. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट-३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचा असतो, आणि त्या पद्धतीत मालकी-वहिवाटीची यादी मुळी नसतेच. कुलूप मागे राहते, कागद तेवढे पुढे येतात. फक्त फॅट-३२ वर चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही, म्हणून लग्नाच्या लांबलचक व्हिडिओसाठी एक्सफॅट बरा. कट करू नका, कॉपीच करा. एकाच ड्राइव्हवर कट करून हलवलेले फोल्डर जुनी परवानगी सहसा बरोबर घेऊन जाते, कॉपी केलेले मात्र नव्या घराची परवानगी घेते. शिवाय कॉपी करताना मध्येच वीज गेली तरी मूळ प्रत जागच्या जागी राहते.

आता जरा कडू गोष्ट. वर सांगितलेले कुलूप मालकीचे आहे. ते निघते, कारण आत कागद उघडेच पडलेले असतात. पण कागदच गूढलिपीत लिहिलेले असतील तर मालकी घेऊन उपयोग नाही. फाइलीच्या चित्रावर छोटे कुलूप दिसले, तर तिची किल्ली जुन्या खात्यात आहे. डिस्क जोडताच ४८ आकड्यांची 'रिकव्हरी की' मागितली गेली, तर ते बिटलॉकर. हल्लीच्या कित्येक लॅपटॉपमध्ये ते आपल्याला न विचारताच चालू होते. ही की बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने यंत्र सुरू केले त्यात साठवलेली असते. म्हणजे पुन्हा प्रश्न तोच, ते खाते कोणाचे आणि त्याचा पासवर्ड कोणाला ठाऊक? ४८ आकडे कागदावर उतरवून सोन्याच्या पावत्यांबरोबर ठेवा. हे काम यजमान समोर बसलेले असतानाच करायचे आहे, मागाहून नाही. "अशुभ बोलू नकोस" म्हणतील. म्हणू देत.

खरे म्हणजे सातबारा आता ऑनलाइन पुन्हा काढता येतो, विम्याची दुसरी प्रत अर्ज करून मिळते. बारशाचे फोटो कुठल्या कचेरीत मिळणार? आपल्याकडे १९९२ साली सरकारने लक्ष्मीमुक्ती योजना काढली, शेताच्या सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव लावण्यासाठी. घरच्या संगणकावर अशी योजना आपली आपणच राबवायची. 'घर' नावाचे एक फोल्डर करा. सिक्युरिटीच्या त्याच यादीत दोघांची नावे घाला, मोठी मुले असतील तर त्यांचीही. ज्याचा-त्याचा पासवर्ड ज्याच्या-त्याच्यापाशी राहू दे, खासगी पत्रे ज्याच्या-त्याच्या खात्यात राहू देत. विमा, वीजबिले, सोसायटी, दवाखान्याचे रिपोर्ट आणि फोटो मात्र 'घर'मध्ये. आमच्या ह्यांना काही लपवायचे नाही असे म्हणणाऱ्या मैत्रिणींनी तर हे आजच करावे, अडचण यायचे कारणच नाही.

'डॉक्युमेंट्स' फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर न्यायचे असेल, तर ते माउसने ओढत नेऊ नका. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लोकेशन' असते, तिथे 'मूव्ह' आहे. आधी डी ड्राइव्हवर एक रिकामे फोल्डर करा आणि तेच दाखवा. नुसता डी ड्राइव्ह दाखवलात तर अख्खा ड्राइव्हच 'डॉक्युमेंट्स' होऊन बसतो आणि निस्तरताना नाकी नऊ येतात.

ससाणेनगरच्या ताईंनी आणखी विचारले आहे की दुकानदाराकडे डिस्क ठेवून यावी का. यायची असेल तर समोर बसा, ठेवून येऊ नका. त्यात बँकेची पासबुके आहेत. आणि फाइली लॅपटॉपवर आल्या, पाच-दहा उघडून नीट दिसल्या, तरी जुनी डिस्क लगेच मोडीत घालू नका. वर्षभर तरी कपाटात राहू द्या, कोरड्या जागी, डबीवर तारखेची चिठ्ठी चिकटवून. रिकाम्या संगणकाचा डबा तेवढा भंगारवाल्याला द्यायला हरकत नाही.