बाकावरच्या जुन्या गड्याचा मोबदला

भात कापून झालं की आमच्या ठाकुरवाडीत खाचरांचीच मैदानं होतात. ढेकळं फोडायची, मधली पट्टी पाणी मारून चोपायची, बांध ही सीमारेषा. टेनिस बॉलच्या सामन्यांसाठी संघ ठरवताना दरवर्षी घोडं एकाच ठिकाणी अडतं: बारावं नाव चाळिशीतल्या जुन्या गड्याचं घालायचं, की दहावीतल्या पोराचं? पोर जास्त पळतं. जुना गडी बांधावर बसून बॅटच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळत असतो आणि हाक आली की उठतो.

आयपीएलमध्ये हाच वाद कोटींच्या हिशेबात होतो. आपल्या कर्जत लाइनवरच्या डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणेचंच बघा. डिसेंबर 2022 च्या लिलावात चेन्नईने त्याला 50 लाखांच्या मूळ किमतीत घेतलं आणि पहिले दोन सामने बाहेर बसवलं. 8 एप्रिल 2023 ला वानखेडेवर मोईन अली आजारी पडला. आपण खेळतोय हे रहाणेला नाणेफेकीच्या थोडं आधी कळलं. पहिल्याच षटकात कॉनवे शून्यावर गेला, हा आत आला आणि 19 चेंडूंत अर्धशतक, 27 चेंडूंत 61. त्या मोसमात त्याने 326 धावा केल्या, शंभर चेंडूंमागे 172 च्या वेगाने. चेन्नईने करंडक जिंकला.

त्याच वर्षी मार्चमध्ये बीसीसीआयने त्याला करारातून वगळलं होतं. जूनमध्ये ओव्हलवरच्या कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात त्याने 89 आणि 46 केल्या. इथवर वाचून कोणीही म्हणेल, जुन्याला दोन-तीन वर्षांसाठी बांधून ठेवा.

मला तसं वाटत नाही. त्यानंतर वेस्ट इंडिजमध्ये त्याला उपकर्णधार केलं, तिथे धावा झाल्या 3 आणि 8. चेन्नईकडच्या दुसऱ्या मोसमात 242 धावा, वेगही बराच उतरलेला. पस्तिशीनंतर गेल्या वर्षीचा फॉर्म पुढच्या वर्षाला तारण म्हणून चालत नाही. म्हणून करार एका मोसमाचा असावा आणि दरवर्षी नव्याने बोलावं. यात माणसाचा अपमान नाही. उलट, न झेपणारं ओझं त्याच्यावर पडत नाही.

कोलकात्याचं उदाहरण जास्त अवघड आहे. नोव्हेंबर 2024 च्या लिलावात रहाणेला आधी कोणीच घेतलं नाही, शेवटी कोलकात्याने दीड कोटीला घेतलं आणि कर्णधार केलं. विजेतेपद मिळवून देणारा श्रेयस अय्यर पंजाबकडे गेला होता. संघ आठवा आला. पण संघातर्फे सर्वाधिक 390 धावा रहाणेच्याच. माझ्या मते त्याच्या बॅटने दीड कोटी फेडले. घोळ झाला तो राखीव म्हणून घेतलेल्याच्या हाती त्याच पैशात अख्खं घर दिल्यामुळे. 2020 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात अॅडलेडला 36 धावांत गारद झालेला संघ त्याने सावरला, मेलबर्नला 112 केल्या आणि मालिकाही जिंकली. पण ती कर्णधार कोहली परत येईपर्यंतची जबाबदारी होती. तात्पुरतं सांभाळणं वेगळं आणि संघ नव्याने उभा करणं वेगळं.

यंदा आमच्या यादीत बारावं नाव जुन्या गड्याचंच असावं, असं मी बैठकीत मांडणार आहे, फक्त याच मोसमापुरतं. आणि एन्ट्रीची वर्गणी त्याच्याकडून घेऊ नये. पोराची रविवारी शाळा नसते. हा मजुरीचा दिवस मोडून येतो, खेळला तरी आणि बांधावर बसला तरी.