उतरवून घेतलेले लाकूड

नगरहून टेंभुर्णीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने करमाळ्याच्या आसपास गेल्या काही वर्षांत जी दुकाने, गोदामे आणि गॅरेजे उभी राहिली आहेत, त्यांच्या मागच्या अंगाला कुणी सहज डोकावून पाहिले, तर पावसाने काळवंडलेल्या आणि उन्हाने चिरलेल्या फळ्यांच्या चौकोनी चौकटी एकावर एक रचलेल्या हटकून दृष्टीस पडतात. शेतकऱ्याच्या विहिरीवर बसणारी सौर पॅनेले, नव्या घरांच्या फरशा, काचेची तावदाने, पाण्याच्या मोटारी, असा कितीतरी माल ज्यांच्या पाठीवर बसून शेकडो मैलांचा प्रवास करून या तालुक्यात उतरतो, ती ही लाकडी पॅलेट. माल उतरला की त्यांची नोकरी संपते. परत पाठवावीत तर गाडीभाडे परवडत नाही, ठेवावीत तर जागा अडते. म्हणून चार महिने ऊनपाऊस खाल्ल्यावर एके दिवशी कुणीतरी कुऱ्हाड घेऊन येतो, आणि ज्या लाकडाने टनावारी भार सोसला त्याची घटकाभरात बंबफोड होऊन ते हॉटेलच्या भट्टीत किंवा आंघोळीच्या बंबाखाली जळून जाते.

या जळण्यात मला अपव्यय दिसतो, आणि तो केवळ लाकडाचा नव्हे. करमाळ्याचा मुलूख हा माळरानाचा आहे. बाभूळ, बोर, कडुलिंब एवढीच काय ती येथल्या शेतकऱ्याची आणि सुताराची हक्काची झाडे. नांगर, कुळव, पाभर यांना त्यांचे लाकूड पुरे, परंतु घराच्या तुळईला लागणारे सरळ आणि लांब लाकूड या भूमीत पूर्वीही मुबलक नव्हते आणि आजही नाही. ते दुरून आणावे लागे, त्याला रोख पैसा मोजावा लागे, आणि म्हणून एकदा घरात आलेले लाकूड सहसा घराबाहेर टाकले जात नसे. सोलापूर भागातील माळवदाचे घर ज्यांनी आतून पाहिले आहे त्यांना त्याची रचना ठाऊक असेल: दगडी तळखड्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर किलच्या आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. या घरातील खांबाचे कुसू तुळईच्या भोकात बसवलेले असे, आणि जेथे सांधा पक्का करावयाचा तेथे बहुधा लाकडाचीच खुंटी ठोकलेली असे. खुंटी बाहेर काढली की सांधा सुटे. ज्या सुताराने ते घर उभे केले, त्याने ते कधीकाळी उतरवावे लागेल ही तजवीज आरंभीच करून ठेवलेली होती.

ही तजवीज किती दूरदृष्टीची होती याचा प्रत्यय आमच्या तालुक्याला मोठी किंमत देऊन आला. भीमेवर उजनी येथे बांधलेले धरण १९८० साली पूर्ण झाले, आणि पुढे यशवंतसागर हे नाव मिळालेल्या त्या जलाशयाने करमाळा तालुक्यातील भीमाकाठची जुनी गावठाणे पोटात घेतली. केत्तूर, पोमलवाडी, कुगाव ही नावे आज नव्या वस्त्यांना लागलेली आहेत. त्या नावांची पहिली घरे पाण्याखाली आहेत. दुष्काळी वर्षी पाणी ओसरले म्हणजे पलीकडच्या इंदापूर तालुक्यातील पळसदेवाचे जुने देऊळ वर येते आणि लोक होडीत बसून ते पाहावयास जातात. देऊळ दगडाचे म्हणून मागे राहिले. घरांचे लाकूड मात्र माणसे बरोबर घेऊन निघाली. त्या काळी जाणती असलेली मंडळी आजही बोलताना ‘घर मोडले’ असे म्हणत नाहीत, ‘घर उतरवले’ असे म्हणतात. आणि या दोन क्रियापदांत जे अंतर आहे तेच माझ्या आजच्या लिखाणाचे कारण आहे. मोडण्याला बळ पुरते. उतरवण्याला, काय कशावर टेकले आहे आणि कोणते आधी सोडवावे लागेल, याचे ज्ञान असावे लागते. आणि जे हाती येईल त्याचे पुढे काय होणार आहे याची कल्पना मनाशी बांधलेली असावी लागते.

पॅलेट उतरवणे हे माळवद उतरवण्याहून एका अर्थी कठीण आहे, कारण ते उकलावे या हेतूने कुणी बांधलेले नसते. दुसऱ्या महायुद्धात लष्करी साहित्याची चढउतार यंत्राने करण्याची निकड उत्पन्न झाली, तेव्हा या वस्तूचा प्रसार झाला. पुढे १९६१ पासून युरोपातील रेल्वेंनी १२०० मिलिमीटर लांब आणि ८०० मिलिमीटर रुंद असे एक प्रमाण ठरवून घेतले, ज्यात ११ फळ्या, ९ ठोकळे आणि ७८ खिळे असतात. आपल्याकडे येणारी सगळीच काही त्या मापाची नसतात, पण घडण त्याच जातीची असते: वर पातळ फळ्या, खाली जाड आडवी लाकडे किंवा ठोकळे, आणि त्यांना जोडणारे पिळाचे खिळे. हा पीळच खरा प्रतिपक्ष होय. साधा खिळा जंबुराने धरून ओढला तर सरळ वर येतो. पिळाचा खिळा लाकडाच्या तंतूंत स्क्रूसारखा रुतून बसतो, आणि फळीखाली पहार घालून एका टोकाने जोर लावला की खिळा जागचा हलत नाही, फळी मात्र खिळ्याच्या रेषेत उभी चिरते. उन्हात महिनोन्‌महिने पडून कोरडी ठणठणीत झालेली फळी तर हमखास चिरते, आणि अशा चार फळ्या चिरल्या की मनुष्य स्वाभाविकपणेच पहार टाकून कुऱ्हाड उचलतो.

ज्याला हे काम साधले आहे त्याचे हात पाहण्यासारखे असतात. तो फळीच्या टोकाला हात घालीत नाही. खालच्या जाड लाकडाच्या दोन्ही अंगांस, अगदी खिळ्यांच्या लगत, तो एकाच वेळी तरफ लावतो, म्हणजे जोर खिळ्यावर सरळ वरच्या दिशेने पडतो. फट थोडी उघडली की तीत लाकडाची पाचर सरकवतो, पुढच्या सांध्याकडे जातो, तेथेही तेवढीच फट करतो आणि पुन्हा पहिल्याकडे येतो. एकाच जागी हट्ट न धरता सगळी फळी समतोल वर उचलीत नेणे, हे त्यातले मर्म. जेथे खिळा मुळीच दाद देत नाही तेथे फळी आणि खालचे लाकूड यांच्यामधल्या फटीत लोखंड कापण्याचे पाते घालून तो खिळाच कापून टाकतो. खिळ्याचे डोके फळीत राहते, फळी अखंड मिळते. ज्या फळीवर पुढे रंधा मारावयाचा तिच्यातील लोखंडाचा शेवटचा तुकडाही शोधून काढावा लागतो, नाही तर रंध्याच्या पात्याची धार जाते. त्यासाठी जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक फळीवरून फिरवावे. निघालेले खिळे एका डब्यात पडले पाहिजेत, कारण गंजका खिळा पायात गेला तर धनुर्वाताची सुई टोचून घेण्यासाठी दवाखाना गाठावा लागतो, आणि मजुराचा तेवढा दिवस बुडतो.

फळी हाती आल्यावर ती कोणत्या कामास योग्य याचा निवाडा करण्यासाठी तिच्यावरचा शिक्का वाचता आला पाहिजे, आणि ही गोष्ट मला सर्वांत अगत्याची वाटते, कारण तो शिक्का म्हणजे त्या लाकडाचे दप्तरच असते. १९९६ साली न्यूयॉर्कमध्ये आशियातून गेलेला एक लांब मिशांचा भुंगेरा सावलीच्या झाडांना पोखरताना सापडला. तो बांधणीच्या लाकडातून शिरला असावा असा निष्कर्ष निघाला. अशा प्रसंगांतून जे शहाणपण आले, त्यातून २००२ साली एक आंतरराष्ट्रीय नियम ठरला, की देशाबाहेर जाणाऱ्या मालाच्या लाकडी बांधणीवर उपचार केलेला असला पाहिजे आणि तशी मुद्रा तिच्यावर उमटवलेली असली पाहिजे. त्या मुद्रेत कणसाचे चिन्ह असते, देशाची दोन अक्षरे असतात, आणि उपचाराचा संकेत असतो. ‘एचटी’ ही रोमन अक्षरे असली तर लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसची उष्णता सलग ३० मिनिटे पोहोचवलेली आहे. ‘एमबी’ असली तर मेथिल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेली आहे. हा वायू विषारी, शिवाय ओझोनच्या थराला घातक म्हणून माँट्रियल करारान्वये त्याच्या वापरावर निर्बंध आलेले. एमबीचे लाकूड, तेलाचे वा औषधाचे डाग पडलेले लाकूड आणि रंगवलेले लाकूड स्वयंपाकघरात, धान्याच्या कोठीत, लहान मुलांच्या खोलीत येऊ नये, आणि चुलीत तर मुळीच जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आज ते सरसकट चुलीत जाते, कारण कुऱ्हाड घालणाऱ्याला तो शिक्का काय सांगतो हे कुणी सांगितलेलेच नाही. देशातल्या देशात फिरणाऱ्या पॅलेटवर तर पुष्कळदा शिक्काच नसतो. तेथे वास, डाग आणि माल कोणता आला होता याची चौकशी, एवढ्यावरच निर्णय करावा लागतो. निळ्या रंगाची पॅलेट बहुधा भाड्याने फिरणारी असतात; ती आपल्या अंगणात पडली म्हणून आपली होत नाहीत, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

उष्णतेच्या उपचाराने त्या वेळी लाकडात असलेली कीड मरते, पुढची नाही. आमच्या मातीत वाळवी अमाप आहे, आणि पाइनचे मऊ लाकूड तिला प्रिय आहे. म्हणून या फळ्यांची चौकट करून दारात गाडू नये, की त्यांचे खांब मातीत पुरू नयेत. त्यांचे काम जमिनीपासून वर. कांदा साठवण्याच्या चाळीला खालून आणि बाजूंनी वारा खेळावा लागतो. तिच्या बाजूच्या पट्ट्यांना या फळ्या फार सोयीच्या. शेळ्यांना कोरडे बसण्यासाठी माचाण, कोंबड्यांचे खुराडे, वाचनालयाचे कपाट, अंगणातले बाकडे, हे सर्व त्यांतून होते, आणि जाड तुकड्यांचे पायाखालचे चौरंगही होतात. खोक्याच्या लाकडाला आपल्याकडे कमीपणाची वस्तू मानण्याची चाल अलीकडची आहे. रॉकेलचे डबे ज्या लाकडी पेट्यांतून येत आणि देवदारी खोक्यांतून जो माल येई, त्या पेट्याखोक्यांची फडताळे आमच्या आजोबांच्या पिढीने बिनदिक्कत वापरली. तिकडे हॉलंडमध्ये रीटवेल्ड या विख्यात शिल्पज्ञाने १९३४ साली बांधणीच्या फळ्यांची खुर्ची काढली, आणि ती आज संग्रहालयांतून जपून ठेवली जाते.

यावर आमच्या गावच्या एका वयोवृद्ध मिस्त्रींनी मला जे ऐकवले ते मी येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे समजतो. ते म्हणाले, “अहो, एक पॅलेट नीट उतरवायला माझा पाऊण तास जातो. त्या पाऊण तासाची मजुरी धरली तर नवी फळी स्वस्त पडते. मग मी का उकलू?” हा हिशेब खोटा नाही, आणि तो झिडकारणे अन्यायाचे होईल. परंतु तो हिशेब एकट्या माणसाचा, एका पॅलेटचा आणि पहिल्या दिवसाचा आहे. तेच काम दोघे मिळून, नीट तरफ करून, आडोशाच्या जागेत, पंचवीस पॅलेट एका जागी आणून करू लागले तर वेळ निम्म्याच्या आत येतो. शिवाय लाकूड सरपण म्हणून किलोवर विकले जाते तेथे त्याचा भाव एक, आणि फळी म्हणून फुटावर विकले जाते तेथे दुसरा. मधला जो फरक आहे तो सर्वस्वी हाताच्या कौशल्याचा मोबदला आहे. आज तो कुणाच्याच जमेत पडत नाही, कारण ते कौशल्य वापरण्याची जागाच गावात नाही.

ती जागा करून देणे अवघड नाही, आणि येथे माझी नगरपरिषदेला, बाजार समितीला आणि व्यापारी मंडळींना विनंती आहे. नगरपरिषदेने कचरा वर्गीकरणाच्या आवारात एक पत्र्याची शेड या लाकडासाठी राखावी. व्यापाऱ्यांनी रिकामी पॅलेट ऊनपाऊस खात पडू न देता आठवड्याच्या ठराविक दिवशी तेथे पोहोचवावीत. आणि आवक किती, उतरवली किती, फळ्या गेल्या कुठे याची एक साधी वही तेथे ठेवावी. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेत सुतार हा धंदा आहे. तीत अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज मिळण्याची सोय आहे. ज्याला अवजार मिळाले त्याच्या हाताशी लाकूडही आले पाहिजे. ज्या आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवले जाते तेथे नव्या विद्यार्थ्याच्या हाती नवे सागवान देण्याआधी एक पॅलेट द्यावे. ते उतरवता उतरवता लाकडाचे तंतू कोणत्या दिशेने जातात, ते कोठे फुटते, खिळा ते कसे धरून ठेवतो, हे त्याला जितके कळेल तितके ते आयत्या फळीवर कळणार नाही. लाकूड बिघडले तरी त्यात कुणाचे नुकसान नाही.

त्या मिस्त्रींच्या घराच्या ओसरीला एक काळीभोर तुळई आहे. तिला मधोमध एक रिकामे भोक आहे, ज्यात आता काहीच बसत नाही. ती भीमाकाठच्या जुन्या गावठाणातून आलेली, आणि तेथे त्या भोकात मधल्या खांबाचे कुसू होते. परवा मी पुन्हा गेलो तेव्हा तिच्याखाली बसून ते एक पॅलेट उतरवीत होते. नातवाने पाचर धरलेली होती, आणि ते त्याला फट किती उघडली की थांबायचे ते दाखवीत होते.